पुरात भिजलेल्या पद्मिनीचा अंतर्भाग: शिवणकाम सर्वांत शेवटी का

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आजोबांनी १९७४ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी चिपळूणजवळच्या घरी आहे. २२ जुलै २०२१ च्या पुरात पाणी तिच्या सीटच्या बैठकीपर्यंत चढले. नंतर गाडी धुतली, वाळवली, इंजिनाचे काम करून घेतले आणि ती आता चालते. पण आतला कुबट वास जात नाही, मागच्या सीटचे रेक्झिन शिवणीवर फाटले आहे, टपाचे अस्तर लोंबते आहे आणि दारांची पॅड फुगून बाहेर आली आहेत. कुशनचे काम करणाऱ्या कारागिराने जुने सगळे काढून टाकून आठ दिवसांत लाल-काळ्या रेक्झिनच्या सीट, टपाचे नवे अस्तर आणि खाली पूर्ण कार्पेट बसवून देण्याची तयारी दाखवली आहे. हे करावे का, असे आपण विचारता.

आत्ता करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कारागीर हाताने चांगला असेल, त्याचा दरही योग्य असेल, पण त्याला आपण जे काम देत आहात ते या गाडीचे शेवटचे काम आहे आणि पहिली चार कामे अजून झालेलीच नाहीत. गाडीत शिरलेले पाणी कुठे साचले, त्याने पत्रा कुठे खाल्ला, पावसाचे पाणी आजही कोणत्या वाटेने आत येते आणि सीटखालचा सांगाडा कोणत्या अवस्थेत आहे, या चार प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय घातलेले नवे रेक्झिन दोन पावसाळ्यांत पुन्हा तोच वास धरते. जुन्या गाडीच्या आतल्या कामात मी जे अपयश पाहिले, त्यांतले बहुतेक शिवणीचे नव्हते; कापडाखालचा ओलावा तसाच राहिल्याचे होते.

गाडी कोणती आहे, हेही लक्षात घ्यायला हवे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० च्या आवृत्त्या वर्षानुवर्षे बनत राहिल्या, आणि १९७४ साली याच गाडीला पद्मिनी हे नाव मिळाले. म्हणजे आपली गाडी त्या नावाच्या पहिल्या वर्षातली आहे. १०८९ सीसीचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, पुढे सलग बाकासारखी सीट आणि साध्या रेक्झिनचा अंतर्भाग ही तिची ओळख आहे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी म्हणून या गाड्यांनी कित्येक दशके रस्ता सांभाळला. ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरअखेर बाद झाली. रस्त्यावर त्या हजारोंनी होत्या तोवर त्यांच्या आतल्या वस्तूंची कुणी पर्वा केली नाही. दारावरची पट्टी, सीटच्या कडेचे मोल्डिंग, काचेच्या हँडलखालची चकती या गोष्टी भंगारात गेल्या आणि आता मिळवायला कठीण झाल्या आहेत. त्यामुळे आपल्या गाडीत जे मूळचे शिल्लक आहे, ते फाटके असले तरी मोलाचे आहे.

याला कायद्याचीही एक बाजू आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये विंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम प्रसिद्ध केले. त्यांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी व चारचाकी वाहने या वर्गात येऊ शकतात. त्या नियमांचा मुख्य भर चॅसिस (गाडीचा खालचा सांगाडा), बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरबदल नसण्यावर आहे, सीटच्या रंगावर नाही. तरीही पुढेमागे तशी नोंदणी करण्याचा विचार असेल, तर गाडी सर्वांगाने मूळ रूपाच्या जवळ ठेवणेच शहाणपणाचे ठरेल.

आता प्रत्यक्ष कामाकडे येतो. बॅटरीची तार काढा आणि गाडी आतून रिकामी करण्याआधी तिचे फोटो घ्या. प्रत्येक दार, प्रत्येक कोपरा, प्रत्येक शिवण, रेक्झिन कोणत्या बाजूने कोणत्या बाजूवर दुमडले आहे, पायपिंग (शिवणीवरची गोल, दोरीसारखी कड) कुठे सुरू होऊन कुठे संपते, हे सगळे जवळून टिपा. शंभर फोटो कमी पडतात, दोनशे घ्यावेत. प्रत्येक भागाचे स्क्रू वेगळ्या पिशवीत घालून पिशवीवर भागाचे नाव आणि बाजू लिहा. उजव्या-डाव्या बाजूचे स्क्रू वरवर सारखे दिसतात, पण त्यांच्या लांबीत फरक असू शकतो आणि लांब स्क्रू चुकीच्या जागी घातला तर तो दाराच्या बाहेरच्या पत्र्याला आतून फुगवटा आणतो.

जुने कव्हर कितीही कुजलेले असले तरी टाकू देऊ नका. सुरुवातीच्या काळात मी एका फियाट डिलाइटची कव्हर काढली, फाटकी म्हणून कोपऱ्यात टाकली आणि झाडलोट करणाऱ्याने ती नेली. नंतर मापावरून नवी कव्हर बेतली, ती बसलीही, पण मागच्या पाठीवरच्या उभ्या पट्ट्यांची रुंदी आणि कडेच्या गोलाईचा मूळ बेत कुणालाच आठवत नव्हता. मालकांनी काही म्हटले नाही. गाडी मात्र त्यांच्या वडिलांच्या काळची दिसत नव्हती, हे त्यांना आणि मला दोघांनाही कळत होते. तेव्हापासून जुने कव्हर हाच माझा कागदी बेत असतो. शिवण उसवून प्रत्येक तुकडा सुटा करायचा, त्यावर क्रमांक आणि वरची दिशा लिहायची, जाड कागदावर त्याची आकृती उतरवून घ्यायची आणि ताणून लांबलेल्या कडा दुरुस्त करायच्या. काम संपल्यावर हे तुकडे सुकवून, गुंडाळून गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवावेत.

मूळ रंग कोणता होता, हा प्रश्न नेहमी येतो आणि उत्तर गाडीतच असते. उन्हाने आणि हाताळण्याने रेक्झिनचा रंग इतका बदलतो की पृष्ठभागावरून अंदाज बांधला तर हमखास चुकतो. सीटच्या खालच्या बाजूला दुमडून रिंगांनी अडकवलेली कड, दाराच्या पॅडमागे चिकटवलेली पट्टी, काचेच्या हँडलच्या चकतीखालचे वर्तुळ आणि पायपिंगच्या आतली शिवण या जागी ऊन कधीच पोहोचलेले नसते. तिथला तळहाताएवढा तुकडा कापून, पुसून बाजारात घेऊन जा आणि दुकानातल्या दिव्याखाली न पाहता बाहेर उन्हात धरून जुळवा. मोबाइलवरचा फोटो दाखवून रंग घेऊ नये.

गाडी रिकामी करताना हातमोजे आणि मास्क घाला. हे सांगण्यामागे कारण आहे. पुराचा गाळ वाळला की त्याची बारीक धूळ होते, बुरशी असते, आणि पडवीत उभ्या गाडीच्या सीटमधल्या काथ्यात उंदीर घर करतात. उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची माहिती नसलेले घर कोकणात नसेल. उंदरांचे घर सापडले तर कोरडे झाडू नका. आधी जंतुनाशकाच्या पाण्याने भिजवा, मग उचला.

सीट, मॅट आणि जमिनीवरचा नमदा निघाला की वासाचे मूळ समोर येईल. नमदा म्हणजे ज्यूटचा जाड थर असतो आणि तो एकदा पुराच्या पाण्याने भिजला की वरून कितीही वाळलेला वाटला तरी पत्र्याच्या बाजूला ओलसर राहतो. तो धुऊन पुन्हा वापरण्याचा मोह टाळा. अंतर्भागातली ही एकच वस्तू अशी आहे की जी मी न पाहता बदलतो. त्याची आकृती मात्र कागदावर उतरवून घ्या. त्याखालचा पत्रा पेचकसाच्या मुठीने सगळीकडे ठोकून पाहा. घट्ट, टणक आवाज आला तर पत्रा जिवंत आहे. आवाज बसका आला तर तिथे टोक दाबून बघा. पायाशी, सीटच्या बोल्टभोवती आणि दाराच्या उंबऱ्याला पत्रा जिथे मिळतो त्या सांध्यांवर विशेष लक्ष द्या.

या गाडीला वेगळी चॅसिस नाही. फियाट ११०० च्या या पिढीत बॉडी आणि तळ मिळून एकच सलग सांगाडा आहे, म्हणजे जमिनीचा पत्रा आणि दाराखालचे पोकळ उंबरे हेच गाडीचा भार वाहतात. सडलेल्या तळावर लांबी (पुट्टी) भरून, वर डांबरी शीट चिकटवून कार्पेट अंथरणे हा दिसण्यापुरता उपाय आहे आणि तो धोक्याचा आहे, कारण सीटचे बोल्ट त्याच पत्र्यात घट्ट राहायचे असतात. सडलेला भाग चांगल्या पत्र्यापर्यंत कापून, तेवढ्याच जाडीचा नवा तुकडा वेल्डिंगने जोडायला हवा. मोठा तुकडा कापायचा असेल तर गाडी आधी उंबऱ्यांखाली नीट टेकवून घ्यावी आणि दारांच्या फटी मोजून ठेवाव्यात. तळ कापल्यावर सांगाडा किंचित जरी झुकला, तरी नंतर दारे लागत नाहीत. पोकळ उंबऱ्यांत पुराचा गाळ हमखास असतो. खालची भोके मोकळी करून कमी दाबाच्या पाण्याने तो धुऊन काढा, हवेने आणि उन्हाने पूर्ण सुकवा आणि मग लांब नळीने आत गंजरोधक मेणाचा फवारा द्या. उघड्या पत्र्यावरचा सुटा गंज घासून, उरलेल्यावर फॉस्फोरिक आम्लाचे गंजनाशक लावून, ते पूर्ण निष्क्रिय झाल्यावर प्रायमर आणि सांध्यांवर सीलंट असा क्रम ठेवावा. हे काम डेंटर (गाडीच्या पत्र्याचा कारागीर) आणि पेंटर यांचे आहे, कुशनवाल्याचे नाही, आणि ते चालू असताना गाडीत कापूस, फोम, रेक्झिन यांतले काहीही असता कामा नये. वेल्डिंगची एक ठिणगी पुरते.

पत्रा घट्ट झाला की पाण्याच्या वाटा शोधायच्या. आपली गाडी पुरात भिजली, पण पडवीतल्या तीन-चार पावसाळ्यांचे पाणीही तिच्यात आले असण्याची शक्यता मोठी आहे. एक माणूस टॉर्च घेऊन आत बसतो, दुसरा बाहेरून साध्या नळीने पाणी सोडतो. पाणी नेहमी खालून सुरू करून हळूहळू वर न्यावे आणि प्रत्येक जागी किमान दहा मिनिटे थांबावे. वरून सुरू केले तर सगळीकडून एकदम पाणी येते आणि वाट कळत नाही. पुढच्या काचेचे रबर, पुढच्या दारांतली तिकोनी काच, डिकीचे बीडिंग (कडेची रबरी पट्टी) आणि तळातले रबरी बूच या चार जागा बहुतेक वेळा दोषी निघतात. दाराचे बीडिंग तपासायला खडूची पूड रबरावर लावून दार बंद करा. पत्र्यावर जिथे खडूची रेघ उमटत नाही, तिथे रबर टेकत नाही. यातले सर्व रबर बदलल्याशिवाय पुढे जाऊ नका. रबराचा खर्च शिवणकामापुढे किरकोळ असतो, पण सगळे शिवणकाम त्याच्याच भरवशावर टिकते.

आता सीटकडे वळू. हा भाग सर्वांत रसाळ आहे आणि सर्वांत जास्त बिघडवलाही जातो. जुन्या सीटची रचना खालून वर अशी समजून घ्यावी: लोखंडी चौकट, तिच्यावर स्प्रिंगा, स्प्रिंगांवर गोणपाट, गोणपाटावर काथ्याचा किंवा रबर मारलेल्या काथ्याचा थर, त्यावर कापसाची किंवा फोमची पातळ गादी आणि सर्वांत वर कव्हर. प्रत्येक थराला स्वतःचे काम आहे. स्प्रिंगा वजन झेलतात, गोणपाट स्प्रिंगांची टोके वरच्या थरात रुतू देत नाही, काथ्या वजन पसरवतो आणि हवा खेळती ठेवतो, वरची गादी फक्त मऊपणा देते. आजकाल स्प्रिंगा काढून टाकून चौकटीवर प्लायवूड ठोकायचे आणि वर जाड फोम ठेवायचा, अशी सोपी पद्धत रूढ होत आहे. ती मला मान्य नाही. प्लायवूडवरचा फोम लांबच्या प्रवासात कंबर धरतो, घामाचा ओलावा खाली अडकवतो, आणि बैठकीची उंची बदलते. पद्मिनीच्या पुढच्या सलग सीटची उंची वाढली की स्टिअरिंग मांड्यांना टेकू लागते आणि क्लच दाबताना पाय अवघडतो. बसणाऱ्याला गाडी अचानक अरुंद वाटू लागते आणि कारण कळत नाही. म्हणून सीट उघडण्यापूर्वी, शक्य असेल तर कमी फाटलेल्या बाजूला, जमिनीपासून बैठकीच्या पुढच्या कडेची आणि मागच्या कडेची उंची मोजून लिहून ठेवावी.

कव्हर काढताना रिंगा एकेक करून कापा, ओढू नका. चौकट उघडी झाली की तारेच्या ब्रशने घासून, गंजनाशक लावून, रेड ऑक्साइड आणि वर काळा रंग द्या. वेल्ड सुटले असतील तर रंगाआधी जोडा. स्प्रिंगांपैकी ज्या नुसत्या गंजल्या आहेत त्या स्वच्छ करून रंगवता येतात, ज्या तुटल्या आहेत त्या बदलाव्या लागतात. तुटलेल्या स्प्रिंगेला वेल्डिंग करू नये. त्या उष्णतेने तारेतली लवचिकता जाते आणि ती शेजारच्याच जागी पुन्हा तुटते. मुंबईत कुर्ला-कालिना भागातला सीएसटी रोड किंवा पुण्यात नाना पेठ आणि बुधवार-रविवारचा जुना बाजार येथे जुन्या गाड्यांची सीट कधी कधी पडलेली मिळते. फाटकी, घाणेरडी, वासाची असली तरी चौकट आणि स्प्रिंगा शाबूत असतील तर घ्यावी. बाकी सगळे नवे करता येते, नेमक्या मापाची स्प्रिंग मात्र घडवून घेणे अवघड असते.

स्प्रिंगांवर नवे, घट्ट विणीचे गोणपाट ताणून शिवा. काथ्याचा थर पुरात भिजला असल्यामुळे तो वापरू नका. रबर मारलेल्या काथ्याच्या नव्या शीट गादीवाल्यांकडे मिळतात आणि त्या कापून थरांनी चढवता येतात. वरच्या फोमसाठी बैठकीला ४० आणि पाठीला ३२ डेन्सिटी मी वापरतो. डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचे किलोग्रॅममधले वजन. आकडा मोठा तितका फोम टिकाऊ, पण तो कडक असतोच असे नाही, त्यामुळे दुकानात हाताने दाबून पाहण्यापेक्षा लहान तुकड्यावर बसून पाहावे. जाडी आधी मोजून ठेवलेल्या उंचीवरून ठरवा. सीट भरल्यावर गुबगुबीत, फुगलेली दिसली तर समजावे की भराव जास्त झाला आहे. मूळ पद्मिनीची सीट बरीचशी सपाट, शिस्तीची दिसते.

रेक्झिन हा शब्द मुळात एका ब्रिटिश कंपनीच्या लेप दिलेल्या कापडाचे व्यापारी नाव होते. आज आपण ज्याला रेक्झिन म्हणतो ते कापडावर पीव्हीसीचा थर दिलेले असते. पीव्हीसीला मऊ ठेवण्यासाठी त्यात मिसळलेले द्रव्य उष्णतेने वर्षानुवर्षे निघून जाते आणि मग रेक्झिन ठिसूळ होते. गेलेले द्रव्य कोणत्याही क्रीमने किंवा पॉलिशने परत येत नाही. त्यामुळे तडकलेले रेक्झिन मऊ करून देण्याचे आश्वासन कुणी दिले तर विश्वास ठेवू नका. पण जे अजून मऊ आहे ते जरूर वाचवा. आपल्या गाडीत मागच्या सीटचे फक्त बैठकीचे रेक्झिन फाटले आहे आणि पाठ शाबूत आहे, असे आपण लिहिता. तर पाठ काढा, कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रशने धुवा, सावलीत सुकवा, आतली बुरशी लागलेली गादी बदला आणि तेच रेक्झिन परत चढवा. थिनर, पेट्रोल, रॉकेल यांतले काहीही लावू नये. चकाकी देणारे सिलिकॉनचे पॉलिशही नको, कारण ते एकदा मुरले की त्या जागी नंतर ना सोल्यूशन (चिकटवण्याचा गोंद) धरत ना रंग.

नव्या बैठकीसाठी रेक्झिन निवडताना त्याचा दाणा पाहा. आजचे बरेचसे माल चामड्याची नक्कल करणाऱ्या ठळक दाण्याचे आणि मागे फोम लावलेले असतात. जुन्या गाडीला बारीक दाण्याचे, मागे विणलेले सुती कापड असलेले पातळ रेक्झिन शोभते आणि ते कोपऱ्यांवर नीटही बसते. खऱ्या चामड्याचा आग्रह धरू नये असे मी म्हणेन. या गाडीला ते मूळचे नव्हते, आणि कोकणच्या दमट हवेत बंद गाडीतल्या चामड्यावर पावसाळ्यात पांढरी बुरशी चढते. शिवणीचा दोरा पॉलिस्टर किंवा नायलॉनचा घ्यावा, सुती दोरा ओलाव्याने कुजतो; आपली जुनी शिवण त्यामुळेच उसवली असण्याचा संभव आहे. टाका साधारण चार मिलिमीटरचा ठेवा. जवळजवळ टाके मजबूत असतात असे वाटते, पण रेक्झिनवर ते पोस्टाच्या तिकिटाच्या कडेसारखी भोकांची ओळ पाडतात आणि ताण आला की रेक्झिन बरोबर त्या ओळीवर फाटते. कव्हर चढवण्याआधी तासभर उन्हात ठेवावे. गरम रेक्झिन कोपऱ्यांवर ओढ घेते आणि थंड झाल्यावर घट्ट बसते.

टपाचे अस्तर हे काम सीट बसवण्याआधीच नव्हे, तर काचा बसवण्याआधी करावे लागते. या काळातल्या बहुतेक गाड्यांप्रमाणे अस्तराच्या कडा पुढच्या आणि मागच्या काचेच्या रबराखाली जातात, म्हणून काच न काढता केलेले अस्तर कडेला कापलेले आणि चिकटवलेले दिसते. अस्तर आडव्या कांब्यांवर ताणलेले असते. प्रत्येक कांबीची लांबी आणि गोलाई थोडी वेगळी असते. काढताना पुढून मागे क्रमांक घाला आणि कोणत्या भोकात ती अडकली होती हेही लिहा. कांब्या गंजल्या असतील तर घासून रंगवल्याशिवाय नव्या अस्तरात घालू नका, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात कापडावर तपकिरी आडवे डाग उमटतात. बसवताना मधल्या कांबीपासून सुरुवात करून आधी पुढे-मागे ताण द्यावा, मग बाजूंना. कडेला सोल्यूशन लावून चिमट्यांनी धरून ठेवावे आणि जादा कापड त्याच दिवशी कापू नये; रात्रभरात ते थोडे सैल होते आणि सकाळी पुन्हा ओढायला हातात कापड लागते. सोल्यूशन उष्णता सहन करणारेच घ्या. उन्हात उभ्या गाडीचा टप हात ठेवता येणार नाही इतका तापतो आणि साधे सोल्यूशन तेव्हा सुटते.

दारांची पॅड फुगण्याचे कारण बहुधा पूर एवढेच नसावे. दाराच्या काचेवरून पावसाचे पाणी दाराच्या आत उतरणे ही नेहमीची गोष्ट आहे. ते खालच्या भोकांतून बाहेर जावे अशी रचना असते. ती भोके मातीने बुजली की पाणी आत साचते, आणि पॅडमागचा प्लास्टिकचा पडदा कुणी मेकॅनिकने कधीकाळी फाडला असेल तर हार्डबोर्ड ते पिऊन फुगतो. काचेचे हँडल काढताना त्यामागची चकती दाबून पाहा. गाडीनुसार आत आरपार पिन किंवा घोड्याच्या नालेच्या आकाराची तारेची क्लिप असते. क्लिप असेल तर कापडाची पट्टी हँडलमागे घालून दोन्ही बाजूंनी ओढली की ती अडकून बाहेर येते आणि रेक्झिनवर पेचकसाचा ओरखडा पडत नाही. जुन्या बोर्डावरून तीन मिलिमीटरचा नवा हार्डबोर्ड कापा, भोके मोजून पाडा आणि रेक्झिन चढवण्याआधी दोन्ही बाजूंना आणि विशेषतः कडांना व्हार्निशचे दोन हात द्या. मूळ रेक्झिन उलगडून नव्या बोर्डावर चढवता आले तर फारच उत्तम. दाराच्या पत्र्यावर जाड प्लास्टिकचा नवा पडदा लावून त्याची खालची कड दाराच्या आत सोडावी, म्हणजे पाणी पॅडकडे न येता आतच उतरेल.

डॅशबोर्ड, मीटर आणि स्टिअरिंग पुराच्या पातळीच्या वर होते, त्यामुळे तिथे हात आखडता घ्यावा. स्टिअरिंगच्या चाकाला तडे असतील तर ते व्ही आकारात मोकळे करून इपॉक्सी भरावी, घासून रंग द्यावा. मीटरची काच आणि तबकडी फक्त मऊ कोरड्या ब्रशने झाडा. तबकडीवरची अक्षरे ओल्या फडक्याने पुसली जातात. किलोमीटरचा आकडा शून्यावर आणून देतो असे कुणी म्हणेल, त्याला स्पष्ट नकार द्यावा. तो आजोबांनी चालवलेल्या अंतराचा आकडा आहे आणि तो बदलणे ही पुढच्या खरेदीदाराची फसवणूकही ठरते. तळाजवळून मागच्या दिव्यांकडे गेलेली वायरिंग मात्र पाण्यात होती. तिचे सगळे सांधे उघडून पाहा. तारेचे तांबे हिरवे किंवा काळे पडले असेल तर ती तार बदला आणि पत्र्यातून जाते तिथे नवे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारे कडे) घाला. अस्तराखाली शॉर्ट झालेली तार म्हणजे आगीला आमंत्रण असते.

पूर्ण कार्पेटचा विचार सोडून द्या. खाली नवा नमदा आणि त्यावर साधे रबरी मॅट एवढेच पुरे. आपल्या पावसात ओल्या चपला घेऊन लोक बसणार. मॅट उचलून उन्हात टाकता येते, चिकटवलेले कार्पेट येत नाही. शिवाय मॅट उचलून खालचा पत्रा कधीही पाहता येतो, आणि तुमच्या गाडीत तो पाहत राहणे आवश्यक आहे.

कारागिराशी बोलताना आठ दिवसांची घाई मोडून काढा. पत्रा, रंग, रबर, टप, काचा, वायरिंग, दारे आणि शेवटी सीट या क्रमाने माझ्याकडे अशा गाडीला दोन ते अडीच महिने लागतात, आणि त्यातला कुशनवाल्याचा प्रत्यक्ष वेळ पंधरा दिवसांहून जास्त नसतो. पैसे टप्प्याटप्प्याने द्या, काढलेली प्रत्येक वस्तू परत द्यायची हे आधीच ठरवा आणि फोम चढल्यावर, कव्हर घालण्याआधी, एकदा स्वतः गाडीत बसून गिअर टाकून आणि क्लच दाबून पाहा. त्या अवस्थेत पाव इंच फोम कमी करणे अर्ध्या तासाचे काम आहे; कव्हर चढल्यावर तेच दोन दिवसांचे होते.

शक्य असेल तर शिवणकाम दिवाळीनंतर, कोरड्या हवेत करून घ्या. पत्रा आणि रबराचे काम त्याआधी झाले असेल तर मधल्या पावसात गाडी रिकामीच उभी ठेवा आणि प्रत्येक मोठ्या सरीनंतर उघड्या तळावर हात फिरवून पाहा. ओल लागली तर ती कुठून आली हे तेव्हा लगेच दिसते, झाकायला वर काहीच नसते. सगळे बसवून झाल्यावरच्या पहिल्या पावसाळ्यात दर पंधरवड्याला मॅट उचला, दारांची खालची भोके तारेने मोकळी करा आणि कोरडा दिवस मिळाला की चारही दारे उघडून गाडी दोन तास वाऱ्यावर ठेवा.